चादरीमागे एक वाक्य

...आणि मी थापाड्या नाही, ताई! ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, रक्त निळं असतं, हे मी फोनवर सांगितलं, तर तू स्पीकर लावून भावजींना ऐकवलंस आणि दोघं खिदळलात. मी सातवीत शाळा सोडली म्हणून ऑक्टोपसने दोन हृदयं काढून ठेवायची की काय? असो. पत्राच्या सुरुवातीला नमस्कार करायचा असतो, तो रागाच्या भरात राहिला. आता घे, भावजींनाही दे (हसले असले तरी). त्यांची कंबर कशी आहे? माझी ठणठणीत आहे, आणि ती का, तेच सांगायला बसलोय.

तुला माहीतच आहे, आमच्या लॉन्ड्रीत हॉटेलांच्या चादरी येतात. वर्षभर मी ओल्या खात्यात होतो, म्हणजे मशीनमधून भिजक्या चादरी उपसायच्या. एकेक गठ्ठा म्हशीएवढा जड (म्हैस निदान स्वतःच्या पायांनी चालते). तेव्हा कानात इअरफोन घालून त्या खऱ्याखुऱ्या अजब गोष्टींचा कार्यक्रम ऐकायचो, म्हणून वेड लागलं नाही. मग मला घडीच्या टेबलावर घेतलं. इथे इअरफोनला बंदी, पण घडी दोघांनी घालायची असते. चादरीची टोकं धरून लांब उभं राहायचं, ताणायचं, झटकायचं, मग चालत जवळ येऊन आपली टोकं समोरच्याच्या हातात द्यायची. मशीनच्या घरघरीत बोलणं ऐकू येतं ते तेवढ्या एका क्षणाला. माझ्या समोर मावशी (कुणाची ते माहीत नाही, सगळ्यांचीच). तिला मी पक्ष्यांची लढाई सांगायला घेतली. एका देशाच्या सैन्याने शेताची नासाडी करणाऱ्या भल्यामोठ्या पक्ष्यांवर मशीनगन घेऊन चढाई केली, आणि हरले ते सैनिक! खरी गोष्ट आहे, हसू नकोस. तर एका चादरीला एक वाक्य. पुढचं वाक्य हवं तर पुढची चादर उचल! ताई, मावशी अशी सुटली की मी धापा टाकायला लागलो. गठ्ठे खांद्याच्या वर गेले. शेजारच्या जोड्या कान टवकारून आमच्याकडे सरकायला लागल्या.

सुपरवायझर बाईंना आधी संशय आला की आम्ही इस्त्री न करताच घड्या घालतोय. कारण कळल्यावर त्या इतक्या खूश झाल्या की त्यांनी मला थेट सूचना देण्याच्या माइकसमोर उभं केलं. म्हणाल्या, एकाच्या गोष्टीने एक टेबल पळतं, तर सगळ्यांना ऐकवली की अख्खी लॉन्ड्री पळेल. मी दणक्यात सुरुवात केली. आणि सगळे थांबले! कुणाला जवळ यायची गरजच उरली नाही ना. वीस जोड्या चादरी ताणून पुतळ्यासारख्या उभ्या, बाहेर हॉटेलची गाडी रिकामी. तेवढ्यात मालक खाली आले, काय चाललंय म्हणून ओरडले, तर मावशी त्यांच्यावरच खेकसली, "गप बसा हो, पक्षी पळतायत!"

मला तिथल्या तिथे ओल्या खात्यात परत धाडलं. पण दुसऱ्या दिवशी मावशीने हात जोडले, तुमच्या या नव्या मुक्या जोडीदाराबरोबर माझ्याच्याने घडी होत नाही. बाकीच्यांनीही री ओढली. शेवटी मालक म्हणाले, माइक बंद, रोज एकेका जोडीत याला घाला, पण घड्या कमी भरल्या तर हा कायमचा ओल्यात. म्हणून सध्या मी राजा आहे, ताई! अभ्यास करून हुशार झालो असतो तर एवढा मान मिळाला असता का?

तुझा (खरं बोलणारा) भाऊ

ता. क. फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. तो एप्रनच्या खिशात राहिला आणि चादरींबरोबर धुतला गेला. स्वच्छ निघाला, बोलत मात्र नाही.

ता. क. २. त्यामुळे गोष्टींचा पुरवठा बंद आहे. डोकं उडाल्यावरही दीड वर्ष जगलेला कोंबडा शिल्लक आहे, तो मी तुकडे करकरून पुरवतोय. तू तोच कार्यक्रम ऐक आणि दर आठवड्याला दोन गोष्टी ठळक अक्षरात लिहून पाठव. मनाचं काही घालू नकोस, मावशी तिच्या भाच्याकडून खात्री करून घेते.

ता. क. ३. घरखर्चाचे पैसे या महिन्यात माझ्या नव्या फोनला लागणार. म्हणून फक्त तुझ्या इअरफोनपुरते पाठवतोय, तीनशे.