फलाटावरचे बिऱ्हाड

होटगी, २ एप्रिल २०२५

चि. धम्मप्रियास बुद्धभूषणमामाचे अनेक आशीर्वाद. सप्रेम जयभीम. वि. वि.

तंबाखू सुटून दोन वर्षं झाली. तू आणून दिलेलं निकोटिनचं च्युइंगम चालूच हाय. बुद्धपौर्णिमेला विहारात व्यसनमुक्त म्हणून माझा सत्कार हाय. तू कॉलेजात औषधशास्त्र शिकवतीस, तर भाषण लिहून दे की. येताना पाकिटं आण. डबा अर्धा झाला की जीव घाबरतो. पावण्यांनाबी बडीशेपेऐवजी तेच देतो. चांगुणामामी उगीच हसती.

लोभ हायच, पाकिटांसकट वाढव.
मामा

सोलापूर, ९ एप्रिल २०२५

आदरणीय मामांस धम्मप्रियाचा सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर तुमच्या शब्दांपेक्षा चघळणेच अधिक ऐकू येते, म्हणून सविस्तर लिहिते. तंबाखू सोडलीत हे फार मोठे काम केलेत. तिच्यातील कर्करोगकारक द्रव्ये या च्युइंगममध्ये नसतात. मात्र ओढ लावणारे निकोटिन असतेच. ते सावकाश रक्तात उतरते, तलफ सौम्यपणे भागवते, आणि मात्रा कमी करत काही महिन्यांत थांबता येते. तुम्ही जन्मभर होटगी जंक्शनात गाड्या वळवल्यात. सांगा बरे, प्रवासी तिथे गाडी बदलायला उतरतो की बिऱ्हाड मांडायला? तुम्ही तर फलाटावर चूल पेटवलीत!

डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळते म्हणून औषधाची बडीशेप होत नाही. ज्या पाहुण्याने कधी तंबाखू खाल्ली नाही, त्यालाही या च्युइंगमची सवय लागू शकते. डबा आजच मामींकडे द्यावा. एकदम बंद करू नका. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा. तंबाखूकडे मात्र मुळीच वळू नका. भाषण लिहायला बसले, पण ‘मुक्त’ हा शब्द लिहायला हात धजेना.

रागवा हवे तर. पाकिटेच कमी करा, लोभ कमी करू नका.
तुमची धम्मप्रिया

होटगी, १४ मे २०२५

चि. धम्मप्रियास आशीर्वाद, जयभीम. वि. वि.

पत्र वाचून लई रागावलो. मामी म्हणाली, तोंड भरलेलं हाय म्हणून तुमाला उत्तर सुचंना. डबा आता तिच्याकडं हाय. डॉक्टरांनी ठरवलं तेवढंच देती; जास्त मागितलं की बडीशेप पुढं करती.

परवा विहारात पंचशील म्हणायला उभा राहिलो, तर गालात च्युइंगम. नशेपासून लांब राहायचं पाचवं शील तोंडातून निघंना. माईकवर सरळ सांगितलं, तंबाखूच्या गाडीतनं उतरलोय, पण अजून फलाटावरच हाय. आधी लोक हसले, मग टाळ्या वाजवल्या. सत्काराची शाल मी घेतली न्हाय, विहाराच्या कपाटात ठेवायला लावली. फलाट सोडीन त्या दिवशी तूच येऊन खांद्यावर घाल.

थंडीत लागंल ती शाल मला, तवर च्युइंगम सोडून मुक्कामाला पोचतो. माया अशीच टोचती राहू दे.
मामा