उलटा तुकडा

धाकटे, तुला थोरलीचे भरपूर आशीर्वाद.

पत्र वाचायचं म्हणून घरभर चष्मा शोधत असशील. तो कपाळावर आहे, खाली ओढ.

मी मजेत आहे. डोळे जरा रुसलेत, पण सुईत दोरा नात ओवून देते आणि हे पत्रही तीच लिहितेय.

तिच्या चित्रशाळेतल्या बाईंनी माझी गोधडी पाहिली. म्हणाल्या, "आजी, ही प्रदर्शनात लावू. कोपऱ्यात तेवढी सही करा."

म्हटलं, "बाई, मला अक्षर येत नाही, पण सही केलेलीच आहे. तो उलटा तुकडा बघा."

पहिल्या गोधडीत तो चुकून लागला आणि तू हसून लोळलीस, म्हणून मी हट्टानं प्रत्येकीत लावत आले. बाई म्हणाल्या, "हे दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं." तू जन्मभर ज्याला वेंधळेपणा म्हणालीस, त्याला इथं कला म्हणतात!

आता त्यांना तुझ्याकडची निळी हवी आहे, आईच्या साड्यांची. खरं सांग, तो तुकडा उसवून सुलटा केला नाहीस ना? केला असशील तर रागावणार नाही. पण मग ती माझी राहिली नाही, आणि नवी शिवायला हे डोळे पुरतील असं वाटत नाही.

तुझ्या यजमानांचा गुडघा कसा आहे?

तुझी थोरली

ता. क. गोधडीच्या घडीत भाजलेल्या शेंगा घाल. टरफलांसकट घाल. तुला नीटनेटकं केल्याशिवाय राहवत नाही, म्हणून बजावते.