पाचवी खुर्ची

टोलेडो, ओहायो
६ सप्टेंबर १९८७

चि. ऑरिन,
अ. उ. आ.

गुडघे धरून चालणाऱ्या अडुसष्ट वर्षांच्या माणसाला चिरंजीव लिहिताना हसू येतं. पण पाच वर्षांनी धाकटा तो धाकटाच.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग धरला आहे. कडेचं दिसत राहतं, समोरचं जातं. म्हणजे डॉक्टरांचे कान मला दिसले, नाक नाही. वर्षभर कामापुरतं दिसेल म्हणाले, त्यापुढचं त्यांना सांगवेना. मग मी एक ठरवलं. बाबांनी माझ्या नावावर ठेवलेली पर्ली तळ्याकाठची ती चिंचोळी पट्टी आहे ना, तिच्यावर दोन खोल्या बांधून मॉसफर्डला परत यायचं. हॅरॉल्ड जाऊन मी विधवा झाल्यापासून या दुसऱ्या मजल्यावरच्या घरातून मला फक्त समोरच्या टायरच्या दुकानाची पाटी दिसते. ती दिसेनाशी झाली तर मी रडणार नाही. तळं मात्र डोळे आहेत तोवर बघायचं आहे. एप्रिलमध्ये बर्फ फुटून तळं मोकळं होतं, तो एक दिवस माझ्या स्वतःच्या खिडकीतून.

हद्दीपासून पंचवीस फूट सोडायचा तुमचा नियम पाळला तर तिथे कोंबड्यांचं खुराडं तेवढं बसेल. म्हणून सवलतीसाठी, गावच्या बांधकामांवर नजर ठेवणाऱ्या तुमच्या झोनिंग बोर्डाकडे अर्ज टाकला आहे. शेजारी चर्चचं उन्हाळी शिबिर, त्यांची हरकत नाही. आणि बोर्डाचा अध्यक्ष, तीस वर्षं एक पैसाही न घेता गावासाठी राबणारा माझा सख्खा भाऊ. तेव्हा काळजी कसली?

गुडघ्याला शेक देत जा. माझी आठवण ठेवतोस तशीच ठेव.

तुझी,
लिओना


मॉसफर्ड, न्यू हॅम्पशायर
१४ सप्टेंबर १९८७

ती. लिओनाताईस,
सा. न. वि. वि.

डोळ्यांचं वाचून दिवसभर कशातच लक्ष लागलं नाही. तू परत येणार याचा आनंद आहे, तो मला नीट लिहिता येत नाही एवढंच.

अर्ज मिळाला. आठ ऑक्टोबरच्या सुनावणीत तो आहे. पण एक गोष्ट आधीच सांगतो. सख्ख्या बहिणीचा अर्ज असला की मला खुर्चीवरून उठून खोलीबाहेर जावं लागतं. मत नाही, चर्चा नाही, कुणाला बाजूला घेऊन सांगणंही नाही. माझ्या जागी ग्रंथालयातली हॅरिएट क्विम्बी काम चालवील. तिच्यासोबत सफरचंदाच्या बागेचा वेंडेल स्टाइल्स आणि प्लंबर बुशार. पाचवी खुर्ची वर्षभर रिकामी आहे, कारण चार तास बसून शिव्या खायला फुकट कोण येणार?

म्हणजे एक जण तयार झाली होती. तुझी शाळेतली मैत्रीण थेल्मा गेज. रिकाम्या जागा भरणाऱ्या गावच्या पंचांना मी सांगितलं, मार्चच्या गावसभेपर्यंत थांबा. तुझा अर्ज आलेला असताना तुझ्या मैत्रिणीला बसवलं तर लोक म्हणतील, ऑरिनने घरचंच बोर्ड भरलं. तू समजून घेशील.

कृपा आहेच, ती उणी होऊ देऊ नकोस.

तुझा,
ऑरिन


टोलेडो
२२ सप्टेंबर १९८७

चि. ऑरिन,
अ. उ. आ.

ओळी वाकड्या जातात, त्या तू सरळ करून वाच.

समजून घेतलं. न घेऊन सांगते कुणाला! लहानपणी ब्लूबेरीची वाटणी करताना तू स्वतःला दोन कमी घ्यायचास, म्हणजे कुणी बोट दाखवू नये. आणि माझ्याही दोन काढायचास, कारण मी तुझी बहीण. शेजारच्या मुलांची मात्र चंगळ. आई म्हणायची, हा पोरगा एक दिवस न्यायाधीश होईल आणि पहिली शिक्षा घरच्यांना देईल.

ऊठ बाबा, खुशाल बाहेर जा. फक्त एवढं लक्षात ठेव, तुझ्या बोर्डाला पुढचा मार्च असतो, माझ्या डोळ्यांना असेलच असं नाही.

रागावू नकोस, थट्टा आहे. थोडी.

तुझी,
लिओना


मॉसफर्ड
१० ऑक्टोबर १९८७

ती. लिओनाताईस,
सा. न. वि. वि.

बातमी चांगली नाही. अर्ज नामंजूर झाला. सवलतीला तीन होकार लागतात. हॅरिएट आणि बुशार यांनी दिले, वेंडेलने नाही. त्याचं म्हणणं, एकाला दिलं की उद्या तळ्याकाठी रांग लागेल. कामकाज नियमाप्रमाणे झालं, त्यात बोट ठेवायला जागा नाही. तू बोर्डासाठी पाठवलेलं पत्र थेल्माने वाचून दाखवलं, ते फार चांगलं होतं. मी बाहेर, कोट टांगतात तिथल्या बाकावर बसलो होतो.

फेरविचाराचा अर्ज तीस दिवसांत करता येतो, पण त्यासाठी कामकाजात काही चूक दाखवावी लागते. तशी दिसत नाही.

इकडे थंडी लवकर आली. वेंडेलने सफरचंदांची पेटी दारात आणून ठेवली आहे. मी उघडलेली नाही.

तुझा,
ऑरिन


टोलेडो
२० ऑक्टोबर १९८७

ऑरिन,

थेल्माचं पत्र आलं. ती लिहिते, बोर्ड अपुरं असलं की अर्जदाराला आधी विचारायचं असतं, आत्ता ऐकू की पाचही जण भरेपर्यंत थांबता? दर वेळी विचारतात म्हणे. त्या दिवशी हॅरिएट पहिल्यांदा खुर्चीत, ती गोंधळली आणि विसरली. थेल्माला हे घरी गेल्यावर आठवलं.

तुला कधी आठवलं? दार उघडं होतं का?

लिओना


मॉसफर्ड
२ नोव्हेंबर १९८७

ती. लिओनाताईस,
सा. न. वि. वि.

दहा दिवस कागद समोर ठेवून बसलो आहे. दार उघडं होतं, ताई. मला सगळं ऐकू येत होतं. ते वाक्य मी तीस वर्षं म्हणत आलो आहे. हॅरिएटने ते गाळलं हे मला त्याच क्षणी कळलं. नुसतं दारात उभं राहून घसा खाकरला असता तरी तिला आठवलं असतं. पण उठून गेलेल्या सदस्याने तोंड उघडायचं नाही, आणि आमच्या बोर्डात विचारल्याशिवाय कुणी बोलत नाही. मी समोरच्या कोटांची बटणं मोजत बसलो. त्यातला एक कोट वेंडेलचा होता. मागच्या पत्रात चूक दिसत नाही असं लिहिलं, ते खोटं होतं.

शनिवारी गावच्या कचरा डेपोवर वेंडेल भेटला. सफरचंदं गोड निघाली का म्हणून विचारायला लागला. मी म्हटलं, बहिणीला जागा नाकारून मला फळं कसली देतोस? त्याने हातातली पिशवी खाली ठेवली. म्हणाला, अरे, तूच नको म्हणतोयस असं मला वाटलं! खुर्चीचा चटका बसावा तसा उठलास, महिनाभर तिच्याबद्दल एक अक्षर नाही, थेल्मालाही तूच अडवलंस. मी म्हटलं, ऑरिनला बहीण शेजारी नको आहे आणि बिचाऱ्याला तसं बोलता येत नाही, तर आपण वाईटपणा घ्यावा. तुझ्यासाठी केलं, लेका!

मी त्याला गाढव म्हणालो. घरी आल्यावर वाटलं, गाढव कोण ते बघायला हवं.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा अकरा वर्षं मी एकटा होतो. तू दोनदा आलीस, दोन्ही वेळा उन्हाळ्यात. याबद्दल मी कधी बोललो नाही, कारण तू कधी विचारलं नाहीस. आता तू परत येणार, डोळे अधू होणार, आणि पुन्हा मीच. हे मी मनात कधी शब्दांनी म्हटलं नाही. पण नियम हाताशी होता, तो मला जरा जास्तच आवडला. वेंडेलने जे वाचलं ते साफ खोटं नव्हतं, एवढंच तुला सांगायचं होतं. बाकी सगळं तळ्याच्या हद्दीसारखं फुटांत मोजता येतं, हे येत नाही.

मी बोर्डाचा राजीनामा दिला आहे. थेल्माला पंचांनी लगेच घेतलं. हॅरिएट दोनदा येऊन रडली, तिला काही बोलू नकोस. घर आठ फुटांनी आखूड करून नवा नकाशा काढला आहे, सही करून पाठव. या वेळी मी साधा गावकरी म्हणून बोलणार आहे. मात्र पाचही जण असल्याशिवाय सुनावणी होऊ द्यायची नाही, यावर मी अडून बसलो आहे.

क्षमा मागतो. द्यायची की नाही ते तुझ्याकडे.

तुझा,
ऑरिन


टोलेडो
१६ नोव्हेंबर १९८७

चि. ऑरिन,
अ. उ. आ.

सही केली आहे. रेघेवर आली नसेल तर वेंडेलला दाखवू नकोस, तो तेवढ्यावर नाही म्हणेल.

आईचं. मी येत नव्हते, कारण पहिल्या खेपेला तिने मला ओळखलं नाही आणि तुला ओळखलं. हे मी हॅरॉल्डलाही सांगितलं नव्हतं. हिवाळ्यात गाड्या मिळत नाहीत म्हणून कळवायची. गाड्या मिळत होत्या. तुझ्या नियमासारखंच, मला त्या वेळापत्रकाचा आधार होता. दोघांनी एकेक पत्र तेव्हाच लिहिलं असतं तर आज इतका टपालखर्च झाला नसता.

रागावलेली होते, अजून थोडी आहे. पण नोव्हेंबरात तुला एकटं सोडून रागावत बसावं इतका वेळ मला नाही. पाचवा माणूस कधी मिळतो ते कळव. लवकर मिळव रे.

तुझी,
लिओना


मॉसफर्ड
११ मार्च १९८८

ती. लिओनाताईस,
सा. न. वि. वि.

मंजूर! पाच होकार, नकार एकही नाही. पत्राची सुरुवात यानेच करायची होती.

मंगळवारच्या गावसभेत पाचवा माणूस मिळाला आणि गुरुवारी सुनावणी झाली. मी बाकावरून उठलो, नाव सांगितलं, जणू कुणाला ठाऊक नव्हतं. हॅरिएटने तीन मिनिटं दिली. म्हटलं, ही माझी बहीण आहे आणि ती इथे यावी अशी माझी इच्छा आहे. पुढचं विसरलो. वेंडेल म्हणाला, तीस वर्षांत ऑरिनचं मत पहिल्यांदाच ऐकलं, हे नोंदवहीत घ्या. लोक हसले. मीही.

एक गोष्ट मात्र खुपते. चार महिने ज्या पाचव्या खुर्चीसाठी आपण थांबलो ती माझीच होती. थेल्मा आल्यावर चार झाले होते, तीन होकार मिळालेही असते. थेल्मा तसं म्हणत होती. मी म्हटलं, नाही, पूर्ण बोर्ड. सवय जात नाही.

परवानगी दोन वर्षं चालते. चारी कोपऱ्यांना खुंट्या ठोकल्या आहेत, बर्फातून त्यांची टोकं दिसतात. जानेवारीपासून तुझं पत्र नाही. पाया खणायला केव्हा सांगू?

तुझा,
ऑरिन


टोलेडो
२४ मार्च १९८८

चि. ऑरिन,
अ. उ. आ.

हे अक्षर खालच्या मजल्यावरच्या मिसेस कोवाल्स्कींचं आहे. मी सांगते, त्या लिहितात आणि मधे मधे नाक ओढतात, तिकडे लक्ष देऊ नकोस.

पाच होकारांचं ऐकून मी टाळ्या वाजवल्या. तू उठून बोललास ते मी त्यांच्याकडून तीनदा वाचून घेतलं.

पण पाया खणू नकोस. जानेवारीत डाव्या डोळ्यात रक्त उतरलं, फेब्रुवारीत उजव्यात. डॉक्टरांचा वर्षाचा अंदाज चुकला, त्यांचा दोष नाही. आता कडेचंही गेलं, फक्त उजेड आणि अंधार कळतो, आणि खिडकी कुठे आहे ते. नवं घर आधी डोळ्यांनी ओळखीचं करून घ्यावं लागतं, मग हात शिकतात. माझ्या हातांना हे घर येतं. सोळा पायऱ्या, डावीकडे शेगडी, तिसऱ्या खुंटीवर कोट. तिकडे आले तर दोन दिवसांत तळ्यात पडेन आणि तुझ्या बोर्डाला त्याचीही परवानगी घ्यावी लागेल.

चार महिन्यांचं मनाला लावून घेऊ नकोस असं मी म्हणणार होते. पण मिसेस कोवाल्स्की म्हणतात, खोटं सांगाल तर मी लिहिणार नाही. तेव्हा लावून घे थोडं, मग सोड.

तुझी,
लिओना


मॉसफर्ड
२० एप्रिल १९८८

ती. लिओनाताईस,
सा. न. वि. वि.

मिसेस कोवाल्स्कींना माझा नमस्कार. हे पत्र हळू वाचावं अशी त्यांना विनंती.

काल मंगळवारी दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी तळं मोकळं झालं. ग्रंथालयाच्या वहीत हॅरिएटने वेळ लिहिली आहे. मी सकाळी आठपासून तुझ्या खुंट्यांच्या मधे, नकाशात मोठी खिडकी दाखवली आहे तिथे, स्वयंपाकघरातली खुर्ची नेऊन बसलो होतो. दुपारी वेंडेलही आला, दुसरी खुर्ची घेऊन.

डावीकडून सांगतो. शिबिराच्या धक्क्याजवळचा बर्फ आधी राखाडी होता, मग ओल्या पाटीसारखा काळा झाला. दहाच्या सुमाराला ओढ्याच्या तोंडाशी एक निळी फट पडली, हातभर रुंद. वारा नैऋत्येकडून होता. बाराला ती फट मोठ्या खडकापर्यंत आली, आपण ज्याच्यावरून उड्या मारायचो तो. मग आवाज सुरू झाला. कुणी काचेच्या बांगड्यांची टोपली हलवावी तसा, पण तळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. बर्फाचे लांब सुळे एकमेकांवर घसरत समोरच्या काठावर चढत होते आणि तिथेच कोसळत होते. शेवटचा तुकडा आपल्या चर्चच्या अंगणाएवढा होता. तो बराच वेळ मधोमध फिरत राहिला, जणू कुठे जायचं ते ठरत नव्हतं. मग तोही फुटून पाण्यात विरून गेला. दोन बदकं आली. पाणी गर्द निळं आहे, आणि ऊन तुझ्या खिडकीत पूर्ण येतं.

खुंट्या काढलेल्या नाहीत. खुर्चीही तिथेच आहे.

तू हे विचारलं नव्हतंस. तरी सांगतो आहे. लोभ आहे तो माझ्या पदरात राहू दे.

तुझा,
ऑरिन