सूचीतून गळलेलं नाव

सर, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली, तरी तुमच्याशी मनातल्या मनात बोलताना मी अजून ओढणी सारखी करते. रक्तपेढीतली ती मागची खोली आठवते, खिडकीला ओला वाळ्याचा पडदा, आणि भर उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून बसलेले तुम्ही. जळगावच्या कॉलेजात आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झालात आणि रक्तदात्यांच्या नोंदी ठेवायचं काम हौसेनं अंगावर घेतलंत. मी पहूरहून रोज एसटीने येणारी, कॉम्प्युटरचा डिप्लोमा नुकताच केलेली मुलगी. मासिकासोबत आलेल्या सीडीवरचा डेटाबेस तुम्ही स्वतः बसून मशीनवर चढवलात. तो फुकट मिळतो याचं तुम्हाला फारसं कौतुक नव्हतं. त्याचं आतलं सगळं लिखाण उघडं आहे, कुणीही वाचावं, याचं होतं. ‘परीक्षेत नुसतं उत्तर लिहिलं तर मी मार्क देत नसे,’ तुम्ही म्हणायचात, ‘पायऱ्या दाखवा. या लोकांनी पायऱ्या दाखवल्यात.’ कुठल्या कुठल्या देशांतल्या, कधी न भेटलेल्या त्या लोकांवर तुमचा जो विश्वास होता, तो मला तेव्हा फार मोठा वाटायचा.

त्या दिवशी समोरच्या दवाखान्यात एक बाळंतीण आहे, रक्त थांबत नाहीये. तिचा दीर धावत येतो, हातात चिठ्ठी, ओ निगेटिव्ह. बाटली शिल्लक नाही. मी मशीनला विचारते, ओ निगेटिव्हचे दाते दाखव. मोजकी नावं येतात, आणि ती सगळी माणसं नुकतीच रक्त देऊन गेलेली. ‘कुणीच नाही सर,’ मी म्हणते. तुम्ही माझ्या खांद्यावरून वाकून पाहता. ‘शिंदखेड्याच्या शिबिरातला तो ड्रायव्हर कुठंय? धुळे डेपोचा. मी स्वतः त्याची नोंद तुला दिलीय.’ मी पुन्हा विचारते. तो नाही. तुम्ही फोन उचललात, धुळ्याच्या डेपोत बोललात, आणि उन्हं कलायच्या आत तो ड्रायव्हर जळगावच्या गाडीतून उतरला, अंगावर खाकी, कपाळावर घाम. बाई वाचली. बाळही वाचलं.

आणि मग तुम्ही बाहेरच्या हॉलमध्ये, त्या बाईच्या नातेवाइकांसमोर, नर्सबाईंसमोर मला विचारलंत. ‘काल तू जुन्या दुबार नोंदी काढून टाकत होतीस ना?’

‘हो सर.’

‘धडधाकट माणूस तिकडे गाडी चालवतोय आणि तू त्याला पुसून टाकलंस! इथं एखादं अक्षर चुकलं तर माणूस जातो, कळतं का तुला?’

मी म्हटलं, ‘हो सर. चूक झाली माझी.’

असं मी का म्हटलं, हे तेव्हा मला सांगता आलं नसतं. नोंदी काढायला तुम्हीच सांगितलं होतं आणि प्रत्येक नाव मी ताडून पाहिलं होतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते, बाळंतिणीची सासू तर अशी बघत होती, जणू मी तिच्या घरात चोरी करताना सापडले. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही मला मशीनला हात लावू दिला नाहीत. रक्त देऊन उठलेल्यांना चहा-बिस्किटं द्यायची, एवढं काम. बातमी माझ्याआधी पहूरला पोचली. आमच्या गाडीच्या कंडक्टरने माझ्या वडिलांना, आबांना, स्टँडवरच सांगितलं. ताटावर बसल्यावर ते आईला म्हणाले, ‘हिला उद्यापासून जायचं नसेल तर राहू दे घरी.’ मी गेले मात्र रोज. गाडीत मागच्या सीटवर, तोंड खिडकीकडे करून.

पुढच्या आठवड्यात तो ड्रायव्हर बाळाला बघायला आला. बाळासाठी टोपडं आणलं होतं. तुम्ही जेवायला घरी गेला होतात. मी चहा दिला तर म्हणाला, ‘ताई, मन्हं नावच नही म्हणतस तुमना मशीनमा. मी ते आठेच शे ना, जित्ता शे.’ इथंच आहे, जिवंत आहे, असं अहिराणीत म्हणून हसला. त्याला नव्यानं भरून घ्यावं म्हणून मी भीत भीत मशीनपुढे बसले, आणि आधी सवयीनं त्याचं नाव टाकून शोधलं. तो होता. नाव, डेपो, रक्तगट ओ निगेटिव्ह, सगळं माझ्याच हातचं. मग मी रक्तगटावरून विचारलं. तो नव्हता. पुन्हा नावावरून, होता.

तुम्ही आलात तेव्हा तो अजून तिथंच होता. मी दोन्ही करून दाखवलं. तुम्ही म्हणालात, ‘मागून भरलंस तू हे.’ त्यावर तोच बोलला, ‘नही साहेब, मी मांगेच उभा शे, तिनी काहीच भरेल नही.’ तुमचा चेहरा कसनुसा झाला. तरी तुम्ही म्हणालात, ‘मग काहीतरी गोंधळ घातला असशील. इतक्या लोकांनी वाचलेलं आहे ते. ते नाही चुकणार.’ आणि वर, ‘त्यांचं चुकलंय असं वाटत असेल तर सिद्ध कर.’ ते तुम्ही रागानेच म्हणालात, पण मशीन मला परत मिळालं.

त्या डेटाबेसवर काम करणाऱ्यांचा ईमेलवर एक गट होता. मी सायबर कॅफेत जाऊन डिक्शनरी मांडीवर घेऊन पत्र लिहिलं. ‘आदरणीय महोदय’ने सुरुवात, आणि मग सगळी कहाणी, बाळंतिणीसकट. उत्तर आलं ते तीन-चार ओळींचं. कुठली आवृत्ती आहे? नेमकं काय टाइप केलं? छोट्या तक्त्यावर हे करून दाखवता येईल का? मला वाटलं, हेही माझ्यावरच संशय घेतायत. काय केलंस ते सांग, हे वाक्य मी तोवर फक्त गुन्हेगारासारखं उभं राहूनच ऐकलं होतं. त्या माणसाला खरोखर फक्त तेवढंच हवं होतं, हे समजायला मला वेळ लागला.

मग मी एक खोटा तक्ता केला. त्यात सगळं पहूर भरलं. आक्का, नाना, बाजारातला भेळवाला, आमच्या शाळेचा शिपाई, सगळ्यांना मनाला येईल तो रक्तगट दिला. इकडचं तिकडचं पुसून पाहिलं, काही बिघडेना. दिवसामागून दिवस काही बिघडेना, आणि मला खात्रीच पटत चालली की त्या दिवशी माझाच हात चुकला. एका दुपारी सहज आठवलं की त्या दुबार नोंदी मी विखरून नव्हे, एकाच जुन्या शिबिराचा मोठा गठ्ठा सलग काढला होता. तसा गठ्ठा काढला, आणि आमची आक्का सूचीतून गायब झाली. नावावरून विचारलं की आहे, रक्तगटावरून विचारलं की नाही.

तुम्ही मागे उभे आहात हे मला माहीत नव्हतं. ‘पुन्हा कर,’ तुम्ही म्हणालात. मी सगळं पुसून पुन्हा केलं. आक्का पुन्हा गेली. तुम्ही स्टूल ओढून शेजारी बसलात, माझ्याकडून कीबोर्ड घेतलात आणि एका बोटाने, अक्षर अक्षर शोधत, स्वतः केलंत. मग चष्मा काढलात आणि बराच वेळ तो पुसत राहिलात.

त्या पायऱ्या मी पाठवल्या. उत्तर आलं की दोष त्यांच्याच कोडमध्ये आहे. पुस्तकाच्या शेवटी शब्दांची सूची असते तशी डेटाबेस आतल्या आत रक्तगटांची सूची ठेवतो. सलग नोंदी गेल्या की तिचं रिकामं झालेलं पान शेजारच्या पानाला जोडलं जातं, आणि जोडताना अगदी कडेचं नाव गळून पडत होतं. नाव शोधलं की तो सगळं पुस्तक चाळायचा, रक्तगट विचारला की नुसती सूची बघायचा; पुस्तकात माणूस होता, सूचीत नव्हता. सूची नव्यानं बांधून घ्या, असं त्यांनी कळवलं, आणि पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती आली. शेवटी लिहिलं होतं, ‘तुमच्याकडून काही चुकलं नव्हतं.’ ते वाक्य मी कॅफेत बसून वाचलं, शेजारचा मुलगा माझ्या स्क्रीनकडे बघेपर्यंत वाचत राहिले.

पुढच्या रविवारी तुम्ही पहूरला आलात. बाजाराचा दिवस, ओटीवर आबांबरोबर चार माणसं बसलेली. तुम्ही चपला काढल्यात आणि बसायच्या आधीच बोललात, ‘मी तुमच्या मुलीवर खोटा आळ घेतला. चारचौघांत घेतला, म्हणून चारचौघांत सांगायला आलोय.’ आबा गडबडून उठले, ‘अहो सर, असं काय करता,’ म्हणत तुमचे हात धरू लागले. हे मी स्वयंपाकघराच्या दाराआडून ऐकलं. आईनं भरीत केलं होतं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी टाकल्या. मी चुलीशी बसून राहिले. जेवताना तुम्ही आत बघत विचारलंत, ‘पण बेटा, केलं नव्हतंस तर हो का म्हणालीस?’ आबांनी दोनदा हाक मारली तरी मी बाहेर आले नाही. तुम्ही गेलात तेव्हा पाणी द्यायलाही आले नाही. नंतर मी पुण्याला गेले, तुम्ही आजारी पडल्याचं कळलं ते तुम्ही गेल्यावरच. तुमच्या पत्नीने मला सांगितलं, तुम्ही अधूनमधून विचारायचात, ती मुलगी अजून रागावलेली आहे का.

आता माझं कामच हे आहे, लोकांनी कळवलेले बिघाड वाचायचे आणि विचारायचं, नेमकं काय केलंत. विचारताना आवाज कसा असावा याची मी फार काळजी घेते. पण तुम्हाला मी काही कळवलं नाही. हे लिहून काढलं तरी टपालात कुठं टाकणार? पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं असतं का, शंकाच आहे.

सर, मला राग नव्हता. मला लाज वाटत होती. तुम्ही चुकलात असं ठरण्यापेक्षा मी चुकले असं ठरलेलं मला बरं वाटत होतं, म्हणून मी हो म्हणाले. आणि तुम्ही आमच्या ओटीवर माफी मागत होतात तेव्हा आत बसून मी मनात म्हणत होते, हे सगळं खोटं निघू दे, चूक माझीच निघू दे.