खार कुणी खाल्ली?

प्रिय भाऊकाका,

तुमच्या फोटोसमोर उभं राहून हे सगळं बोलून टाकायचा ट्राय केला. पण आई दर दोन मिनिटांनी येऊन "कुणाशी बोलतेयस गं?" विचारते. म्हणून लिहून काढतेय. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर शेजारच्या सावंत सरांना सांगू नका. अरे हो, तुम्ही तर त्यांच्याशी बोलतच नव्हता!

तेच सांगायचंय. काका, तुमचं आणि सरांचं भांडण मी लावलं होतं. आणि मला स्वतःला हे काल कळलं!

आठवतंय, त्याआधी रोज पाच वाजता आपल्या ओट्यावर कॅरम असायचा? तुम्ही राखोलीहून कंपनीच्या बसनं उतरलात की सर भिंतीपलीकडूनच ओरडायचे, "भाऊसाहेब, आज राणी हातानं ढकलायची नाही हां!" आणि तुम्ही म्हणायचात, "मास्तर, तुमचा चष्मा बदला." ढकलायचात मात्र नक्की. मी बघायचे ना!

मग मी सहावीत असताना तुम्ही दुधनीच्या जंगलातून पिशवीभर बेहडे आणलेत. रिटायर झाल्यावर नदीच्या रस्त्याला झाडं लावणार म्हणून दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत माती भरलीत, एकेक बी पेरलीत आणि भिंतीला लागून रांगा लावल्यात. प्रत्येक रांगेला कार्डसुद्धा! कंपनीतल्या स्टोअरमध्ये बोल्ट-बेअरिंगला लावायचात तसं. सर बघून म्हणाले, "बेहडा दारात नको हो. त्याच्या सावलीत भांडणं होतात असं आमच्याकडं म्हणतात." तुम्ही म्हणालात, "मास्तर, तुमच्या शाळेत सायन्स नव्हतं का?"

दुसऱ्या दिवसापासून बिया गायब! पिशवी जागेवर, माती जागेवर, मध्ये छोटंसं भोक आणि बी नाही. तुम्ही परत पेरायचात, परत गायब. कार्डावर लाल पेनानं "शॉर्ट" लिहून लिहून पेन संपलं तुमचं.

मी माझ्या परीनं चौकशीला निघाले. सरांकडे ट्यूशनला गेले तेव्हा विचारलं, "सर, काकांच्या बिया कोण घेतंय?" सर वह्या तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "खार खात असेल. आणखी काय!"

काका, प्लीज समजून घ्या. मी इंग्लिश मीडियमची. शाळेत तो प्राणी म्हणजे स्क्विरल, घरी तो प्राणी म्हणजे खारूताई. नुसती 'खार' मला एकाच ठिकाणी भेटली होती, त्याच आठवड्यात सरांनी शिकवलेल्या वाक्प्रचारात. खार खाणे म्हणजे मनात राग धरणे!

मी धावत घरी आले आणि सांगितलं, "काका, सर तुमच्यावर खार खातात! त्यांनी स्वतः सांगितलं!"

तुम्ही चहाची बशी खाली ठेवलीत. "काय सांगी राहिनी वं?" असं थेट अहिराणीतच विचारलंत. म्हणजे प्रकरण सिरियस. मी परत सांगितलं. आणखी ठसक्यात.

तुम्ही मला कायम 'आमची दुभाषी' म्हणायचात ना? कंपनीचं इंग्लिश पत्र आलं की मला हाक, टीव्हीच्या रिमोटचं पुस्तक असलं तरी मला हाक. त्यामुळे माझ्यावर शंका घ्यायचा प्रश्नच नव्हता. पण काका, एकदा भिंतीपाशी जाऊन सरांना विचारायचं तरी! कमरेएवढी तर भिंत आहे! तुम्ही कॅरम बोर्ड उचललात आणि पलंगाखाली ढकललात. झालं.

त्या पावसाळ्यात काय झालं ते तर तुम्हाला पाठच आहे. सरांच्या तुळशीत बेहड्याचं रोप उगवलं! तुळशीत! सावंत मावशींनी अशी किंकाळी फोडली की कुकरची शिट्टी ऐकू आली नाही. मग गोकर्णाच्या कुंडीत एक, नळापाशी एक, वाळत घातलेल्या कपड्यांखाली दोन. सरांना वाटलं, तुम्हीच सूड म्हणून भिंतीवरून बिया टाकताय. त्यांनी रोपं उपटून भिंतीवरून इकडे आपल्या अंगणात भिरकावली. आणि तुम्ही एक रोप उचलून आईला दाखवलंत, "बघा वहिनी, पुरावा! चोरली, पेरली, उगवल्यावर तोंडावर मारली!"

आठ वर्षं, काका. दिवाळीचा फराळसुद्धा मीच इकडून तिकडे न्यायचे, आणि दोघं विचारायचात, "तो काही बोलला का?"

आता ऐका. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मी दुधनीकडच्या जंगलात जाते. बेहड्याच्या बुंध्याला आम्ही कॅमेरा बांधलाय. पहिल्यांदा व्हिडिओ पाहिला तेव्हा मी खुर्चीतच उडाले! एक उंदीर येतो, बेहड्याची बी तोंडात धरतो, थोडं लांब जाऊन खड्डा करतो, बी ठेवतो, पुढच्या पायांनी माती थोपटतो आणि वर वाळकं पान ओढतो. पान, काका! तुमच्या हाताखालच्या एका तरी पोरानं माल एवढा नीट झाकून ठेवला होता का?

तुम्ही म्हणाल, सगळा माल एका रॅकवर का नाही ठेवत? कारण एक चोर आला तर सगळंच जाईल! म्हणून एका जागी एकच बी. नंतर वास काढत तो बऱ्याचशा बिया खातोच. पण काही विसरतो. कधी त्यालाच घुबड उचलतं. मग मागे राहिलेली बी उगवते. झाडाच्या बुडाशी पडलेल्या बिया किडतात, वाळतात. ही लांब, मातीत, आरामात. कितीतरी जंगलांत झाडं अशी पसरतात, कुणीतरी खायला ठेवलं आणि परत आलं नाही म्हणून. दक्षिण अमेरिकेत अगूटी नावाचा प्राणी हेच करतो, दिसायला शेपूट नसलेल्या जाड्या उंदरासारखा... सॉरी, मला थांबवायला तुम्ही नाही म्हणून मी वाहवत चाललेय.

मुद्दा असा की मी घरी आले, तुमच्याच जागेवर दुधाच्या पिशव्या ठेवल्या, बिया पेरल्या, कॅमेरा लावला. दिवेलागणीला उंदीर हजर! बी तोंडात, आणि भिंतीखालच्या पाणी जायच्या भोकातून थेट सरांच्या अंगणात!

तेवढ्यात आई म्हणाली की सर रविवारी माणूस बोलावून त्यांच्या अंगणातलं बेहड्याचं झाड तोडणार आहेत. धुण्याच्या दगडामागचं, उपटायचं राहून गेलेलं. आता ते त्यांच्या पत्र्याच्या वर गेलंय. मी मोबाइल घेऊन धावले.

"सर, हा बघा चोर!"

सरांनी व्हिडिओ दोनदा पाहिला. मग म्हणाले, "उंदीर होय! मी तर तुला तेव्हा म्हटलं होतं, खार खात असेल."

खार म्हणजे खारूताई, काका! आठ वर्षांनी माझं ट्रान्सलेशन पूर्ण झालं! मी सगळं सांगितलं. रडले पण. सरांनी मोबाइल माझ्या हातात परत दिला. मग म्हणाले, "खार खात असेल आणि खार खाऊन असेल, यातला फरक मी शिकवला होता. तू परीक्षेतसुद्धा चुकवलास." आणि मग चष्मा काढून इतके हसले की मावशी बाहेर आल्या.

मी विचारलं, "सर, सगळी उपटलीत, मग हे एक का ठेवलंत?"

"दिसलं उशिरा. पुढं म्हटलं, राहू दे. रोज त्याला दोन शिव्या घालायच्या, तुझ्या काकाला पोचतील अशा आवाजात. आता ऐकायला कोण आहे? नुसतं बघवत नाही ते."

तुम्हाला ऐकू यायच्या ना त्या शिव्या? म्हणूनच संध्याकाळी तुमची खुर्ची भिंतीजवळ असायची का? मला वाटायचं, वाऱ्यासाठी!

आज रविवार. कुऱ्हाडवाला आला, चहा पिऊन परत गेला. सर झाडाखाली खुर्ची टाकून बसलेत. मी भिंतीवरून विचारलं, "सर, काय करताय?"

"बेहड्याच्या सावलीत भांडण होतं म्हणतात. तासभर बसलोय, कुणी येतच नाही."

काका, प्रॉमिस करते. पलंगाखालून बोर्ड काढलाय, पावडर पण आणलीय. रोज पाच वाजता मी जाणार आणि सर ओरडेपर्यंत राणी हातानं ढकलणार.

तुमचीच चुकलेली दुभाषी,
मनवा