सर्जाची मुस्की

२७ जानेवारी
काल कॉलनीच्या झेंडावंदनाला अविनं माइक हातात घेतला. नको म्हटलं होतं. रिटायर्ड रेल्वे इंजिनियर आणि माइक, म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. सर्जाला शेजारी उभं करून सुरू : "ये हमारे जत का कारवानी है. असली शिकारी कुत्ता! हमारे सरदारों के घोड़ों के साथ दौड़ता था. भेड़िये से भिड़ जाए!" टाळ्या. लांडग्याशी भिडणारा तेव्हा फुग्याच्या आवाजाला घाबरून माझ्या पायांत शिरत होता. इतकी वर्षं लखनौत काढली, तरी नवऱ्याची आपलं घराणं सांगायची हौस काही फिटत नाही.

११ फेब्रु.
शहरात कुठेतरी पाळीव कुत्र्यानं एका म्हाताऱ्या बाईंना फार वाईट चावलं. माझ्या लॅबमध्ये दिवसभर तोच विषय. निशातगंजमध्ये घरोघरी लायसन विचारतायत म्हणे. आमचं आहे. लसही टोचलेली. नियम असावेतच, मी त्याच मताची.

१५ फेब्रु.
कॉलनीची मीटिंग. अध्यक्ष त्रिपाठीजींनी कुत्र्यांचे नवे नियम वाचले. साखळी, तोंडाला मुस्की, लिफ्ट बंद, पार्क बंद. मी बाजूनं हात वर केला. मग शेवटचा नियम : शिकारी जातीचे कुत्रे होळीच्या आत कॉलनीबाहेर. सगळ्या माना आमच्याकडे.
म्हटलं, धोकादायक जातींच्या सरकारी यादीत कारवानी कुठंय? त्रिपाठीजी गोड हसले. "भाभीजी, हम थोड़े ही कह रहे हैं. भाई साहब ने ख़ुद माइक पर फ़रमाया था."
इथली माणसं गळा कापतील, पण आधी 'आप' म्हणतील. त्यांचा स्वतःचा लॅब्रॅडॉर दिवाळीत पेपरवाल्याला चावला, त्याचं नाव कुणी काढलं नाही. "वो तो खेल रहा था." लॅब्रॅडॉर घरंदाज ना!

१६ फेब्रु.
इरा बापाशी बोलत नाहीये. "पापा, आपको हीरो बनने की क्या ज़रूरत थी?" मी मराठीत समजावलं, तिनं हिंदीत दार आपटलं. पिल्लू होता तेव्हा सर्जा तिच्या दप्तरावर झोपायचा. त्याला पाठवणार कुठे? जतला दीर आहेत, पण ते आता फ्लॅटमध्ये. फोनवर नुसतं "बघू, वहिनी."

२२ फेब्रु.
पुन्हा मीटिंग. अवि उभा राहिला. "शिकारी-विकारी कुछ नहीं. गाँव का मामूली कुत्ता है. मैंने ज़रा बढ़ा-चढ़ाकर बोल दिया था." लोक हसले. मागून कुणीतरी, "और वो सरदारों के घोड़े?" अविचे कान लाल. मला त्याचा राग होता, तो त्या क्षणी गेला. त्या हसणाऱ्यांचा आला, तो अजून आहे.
निकाल : राहू दे. पण बाहेर पडताना मुस्की हवीच, आणि एकदा जरी कुणाला चावला, तर त्याच दिवशी बाहेर.

२८ फेब्रु.
बाजारातली एकही मुस्की बसत नाही. ह्याचं तोंड लांब, निमुळतं. दोनदा काढून टाकली. शेवटी अविनं चौकातून चामड्याची करवून आणली. स्वतः माप घेतलं, रुळाचं घेतल्यासारखं. सुई जायची नाही इतकी घट्ट. म्हटलं, अरे तुमच्याकडं मळणीच्या बैलालासुद्धा सैल बांधतात. "सुधा, एकदा निसटली की संपलं."

२४ मार्च
उन्हं तापली. फिरून आला की सर्जाला तोंड उघडून धापा टाकता येत नाहीत, जिन्यातच बसतो. छावणीतल्या रस्त्यांवर सावली तरी आहे, म्हणून तिकडे नेतो. मुस्की सैल कर म्हणून रोज भांडते. अवि ऐकत नाही. भीतीपुढे ह्याचं इंजिनियरिंगही चालेनासं झालंय.

२ एप्रिल
गेटपाशी त्रिपाठींचा लॅब्रॅडॉर सर्जाच्या अंगावर आला. साखळी नाही, मुस्की नाही. सर्जाचं तोंड बांधलेलं. नुसता गोल गोल फिरत होता, कान फाटेपर्यंत. अविनं छत्रीनं हाकललं. सर्जाच्या कानाला टाके पडले.
त्रिपाठीजींकडे गेले. "अरे भाभीजी, जानवर हैं, खेलने में हो जाता है." मुस्की? "वो हमारे वाले को सूट नहीं करती."
हात जोडून परत आले. शिवी ओठांवर होती. द्यायला हवी होती.

९ एप्रिल
मुस्की दिसली की सर्जा पलंगाखाली. आज गुरगुरला. आमच्यावर. इराला आधी वाटलं, बाहेर कुणी गाडी सुरू करतंय.

१४ एप्रिल
चावला.
अवि सकाळी त्याला पलंगाखालून ओढून मुस्की चढवत होता. अंगठ्यापासून मनगटापर्यंत. रक्त बघून मी एकदाच ओरडले, मग सुचेल तसं धुतलं, साबण लावला. दवाखान्यात डॉक्टर : "पालतू है या आवारा?" मीच सांगितलं, "हमारा है."
रिक्षात अवि एवढंच म्हणाला, "त्याची काही चूक नाही गं." जिन्यात त्रिपाठीजी भेटलेच. "हाथ को क्या हुआ, भाई साहब?" "दरवाज़े में आ गया."
इरा रडत, "मम्मा, प्लीज़, किसी को मत बताना." म्हटलं, नाही सांगणार. नियमांची बाई!

१७ एप्रिल
अविला ताप नाही. सूज उतरतेय. सर्जाला आता गच्चीवरच फिरवतो, मुस्कीशिवाय. पण गच्चीही कॉलनीचीच. रविवारी मीटिंग आहे, आणि वरच्या मजल्यावरच्या बाईंनी आज विचारलं, कुत्रा दिसत नाही खाली? सांगितलं तर सर्जा जातो. नाही सांगितलं, आणि उद्या कुणाच्या पोराला चावला तर? हा प्रश्न मला आजवर पडला नव्हता. कॉलनीवाल्यांनीच तो माझ्या डोक्यात घातला, की तो खराच आहे?
दुपारी वाचत बसले होते. सर्जा आला, नेहमीसारखं मांडीवर डोकं ठेवायला. मी हात मागे घेतला. ठरवून नाही, घेतला गेला. तो वळला आणि इराच्या खोलीत गेला.
हाक मारायला हवी होती. अजून मारलेली नाही.