साय हवी की मोती

जळगाव, ५ एप्रिल २०२५

ती. कमलअक्कास,
लोटनचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

फोनवर बोललो तर घरात ऐकू जातं, म्हणून हे आंतरदेशीय. मागच्या अक्षय तृतीयेला, आखाजीला आलीस तेव्हा तू म्हणालीस, बैठकीच्या भिंती पिवळ्या पडल्या. सूनबाईंनी ते मनावर घेतलं. आता सारिकाला ‘दुधाची साय’ रंग हवा, प्रेमराजला ‘मोत्याची सावली’. मला दोन्ही दादर ज्वारीच्या पिठासारखे दिसतात. तसं म्हटलं की दोघं माझी कीव करतात. तेवढ्यापुरतं नवराबायकोचं एकमत आहे. कौतिक पेंटर रोज भिंतीवर नवा चौकोन काढतो. हे उन्हात बघतात, ट्यूबलाइटखाली बघतात. काल दूधवाल्यालाही आत बोलावून विचारलं. सोफा गच्चीवर, मी जिन्याखाली. यंदा आखाजीला तुला आणणं जमेलसं दिसत नाही. लिहिताना लाज वाटते.

माया आहे तशीच असू दे, तिला रंगासारखा दुसरा हात लागत नाही.

तुझा लोटन

धुळे, ११ एप्रिल

चि. लोटन यास कमलअक्काचे अनेक आशीर्वाद.

लग्न झाल्यापासून माझी एक आखाजी माहेराविना गेली नाही. सारी बठ्ठी गल्ली विचारते, भाऊ कधी येतो न्यायला. काय सांगू, भावाला पांढरा सापडेना? आईबाबांमागे तुझं घर तेच माझं माहेर. तेही रंगाच्या डब्यात बुडवलंस?

आता एक ऐक. फाल्गुनात माझे मोतीबिंदू काढले, तुला ठाऊक आहेच. पट्टी सुटल्यावर बघते तर वर्षभर जिला नीळ घालघालून दमले ती चादर पांढरीशुभ्र. तेव्हा तुझ्या भिंती पिवळ्या नव्हत्या रे, माझी नजर पिवळी होती. सारिकाला सांगायचा मला धीर नाही. तू सांग, आणि माझ्या वतीने माफी माग.

राग जाईल, आशीर्वाद राहतील.

कमलअक्का

जळगाव, २२ एप्रिल

ती. अक्कास शि. सा. नमस्कार.

पत्र दोघांना वाचून दाखवलं. भिंती तर खरवडून झाल्या होत्या. मग प्रेमराज म्हणाला, म्हणजे जुनाच रंग चांगला होता. सारिकाने मान डोलावली. लगेच जुन्या रंगाचं कार्ड शोधलं, तर त्याच्या शेजारी थेट तसाच आणखी एक रंग निघाला. पुन्हा जुंपली.

मी पिशवी भरली. म्हटलं, मीच धुळ्याला जातो, आखाजी बहिणीकडे करतो. तेव्हा सारिकाने कार्डं खाली ठेवली. म्हणाली, “नाना, आत्यांना घेऊनच या. चौकोन बघतील आणि हसतील, हसू द्या.” पुरणपोळ्यांचं खापर तिनेच माळ्यावरून काढलं. येत्या मंगळवारी पहिल्या एसटीने येतो, तयार राहा.

कौतिकला सांगितलं, आखाजीनंतर ये. त्याने ब्रश धुतले आणि म्हणाला, बरं झालं, त्यालाही नशिराबादहून बहीण आणायची आहे. पंधरा दिवस आम्ही त्याला रंगच विचारत होतो, घरचं काही नाही.

भेटीत बोलूच, तोवर लोभ सांभाळ.

लोटन